दादाने केलेली चौकशी

“हा कागद तू काय फ्रेम करून भिंतीवर लावणार आहेस?” मारायकाने सँडविचचा कागद उलगडत विचारलं.

शुक्रवार होता, जेवणाची सुट्टी होती आणि मी तिला निरंजनचा चारित्र्याचा दाखला दाखवत होते. दाखवत कसली, मिरवत होते. रविवारी माझा साखरपुडा होता. अडतिसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा, आठ वर्षांची मुलगी पदरात असताना. आता नऊ वर्षं होतील ह्या गोष्टीला, पण त्या दाखल्याचा निळसर कागद मला अजून डोळ्यांपुढे दिसतो.

आमेर्सफोर्टमधल्या एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात आम्ही दोघी नोकरभरतीचं बघायचो. नर्स असो की भांडी घासणारा, कामाला येणाऱ्या प्रत्येकाने डच सरकारकडून असा दाखला आणायचा आणि मी तो फाईलला लावायचा. रोज दहा दाखले हाताखालून जायचे. त्यामुळे निरंजनने नव्या नोकरीसाठी दाखला काढल्याचं सांगितलं, तेव्हा मी आपली थट्टेत म्हटलं, मलाही एक प्रत द्या, तुमची फाईल करते. त्याने हसत हसत खरंच आणून दिली. मला नंतर ओशाळल्यासारखं झालं. होणाऱ्या नवऱ्याकडे पोलिसांचा दाखला मागणारी बाई आमच्या मिरजेत तरी दुसरी झाली नसेल.

“हा इथे कधीपासून आहे?” मारायकाने विचारलं.

“दोन वर्षं.”

“आणि त्याआधी?”

“ऑस्ट्रियात. लिंझला. चार वर्षं.”

“पासपोर्ट?”

“भारतीय. माझ्यासारखाच.”

तिने सँडविच खाली ठेवलं. मारायका बावीस वर्षं ह्या खात्यात होती आणि खाताना ती सहसा काही खाली ठेवायची नाही.

“मग ह्या कागदाचा अर्थ एवढाच की त्याने नेदरलंड्समध्ये काही केलेलं नाही,” ती म्हणाली. “आपली ती पोलंडची नर्स आठवते? तिने बेल्जियममध्ये काही उद्योग केले असते तर बेल्जियमने पोलंडला कळवलं असतं. इथून पोलंडला विचारलं की बाहेर आलं असतं. युरोपातला माणूस कुठेही शेण खाऊ दे, त्याची नोंद त्याच्या मायदेशी जाते. पण तुमचा मायदेश ह्या व्यवस्थेत नाहीच. ऑस्ट्रियाने कळवायचं कुणाला? तिथली नोंद तिथेच पडून राहते.”

“मग ऑस्ट्रियाला विचारायचं.”

“कोण विचारणार? अठ्ठावीस देशांना अठ्ठावीस पत्रं लिहायला कुणाला वेळ आहे? तो स्वतः मागू शकतो. पोलीस मागू शकतात. साखरपुडा ठरलेली बाई नाही मागू शकत.”

मी हसले. “मला पत्रं लिहायची गरजच नाही, मारायका. माझ्या दादाने चौकशी केली आहे.”

“तुझा भाऊ पोलिसात आहे?”

आता हिला चौकशी म्हणजे काय ते कसं सांगावं? मुलगा कसा आहे, घरचे कसे आहेत, पितो का, चिडतो का, हे आमच्याकडे कुठल्या कचेरीत विचारत नाहीत. जो त्या माणसाच्या शेजारी राहिला, त्याच्या पंगतीला बसला, त्याला विचारतात. आणि दादा तर व्हिएन्नात वीस वर्षं होता. ऑस्ट्रियातलं एकही मराठी घर त्याच्या ओळखीबाहेरचं नव्हतं. पुण्यात जर्मन शिकून तो तिकडे गेला, एका पर्यटन कंपनीत लागला आणि शिवाय कोर्टात मराठी-हिंदीचा दुभाषी म्हणून काम करायचा. शपथ घेतलेला, शिक्का असलेला दुभाषी. आमच्या घरात त्या शिक्क्याचं फार कौतुक होतं.

बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि दादा वीस. माझी फी त्याने भरली, माझ्या पहिल्या लग्नात कन्यादानाला तोच बसला. सानिका दोन वर्षांची असताना माझा नवरा दुसरीकडे राहायला गेला, तेव्हा मिळेल त्या विमानाने येऊन दारात उभा राहिला तोही दादाच. “रडून झालं की जेवायला वाढ, भूक लागलीय,” एवढंच म्हणाला होता. त्यामुळे निरंजनचं स्थळ त्याने आणलं तेव्हा मी फार प्रश्न विचारले नाहीत. घटस्फोटित आहे, सामंजस्याने झालाय, बायको भारतात परत गेली, मूलबाळ नाही, मी स्वतः चौकशी केलीय, निर्धास्त राहा. दादा निर्धास्त राहा म्हणाला की मी निर्धास्त राहायचे. इतक्या वर्षांची सवय होती ती.

तरी मारायकाने खाली ठेवलेलं सँडविच काही डोक्यातून जाईना.

संध्याकाळी सानिकाला टीव्हीपुढे बसवलं आणि युरोपातल्या मराठी मंडळांच्या यादीतून लिंझच्या बापटकाकूंचा नंबर काढला. त्यांची माझी ओळख नव्हती, पण अख्ख्या लिंझला सणासुदीला पुरणपोळ्या पुरवणाऱ्या काकू म्हणून त्यांचं नाव इथपर्यंत आलं होतं. नाव-गाव सांगितलं, गोड गोड बोलले आणि मग विचारलं, “काकू, निरंजन तुमच्याकडे होता ना चार वर्षं? मुलगा कसा आहे?”

फोनवर मला त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. काकू ऐकू आल्या नाहीत.

“काकू?”

“तुला कुणी काही सांगितलं नाही का गं?”

“काय सांगायचं?”

“मी नाही बाई बोलणार. माझ्या तोंडून नको. तू ऋजुताशीच बोल, मी नंबर देते.”

“ती तर भारतात परत गेली ना?”

“कुठली जातेय! इथेच आहे, बेकरीत काम करते. परवाच ब्रेड आणला मी तिच्याकडून.”

त्याच्या पहिल्या बायकोला फोन करायला मला अर्धा तास लागला, त्यात मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओतून दिला.

ऋजुताचा आवाज अगदी साधा होता. कुठल्याशा छोट्या गावातली असावी, बोलण्यात कोल्हापूरकडची झाक होती. मी कोण ते सांगितलं.

“ताई, मला तुमचं लग्न मोडायचं नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही होऊन विचारलंत म्हणून सांगते. दीड वर्ष मारत होता. शेवटी हात मोडला तेव्हा शेजारणीने पोलिसांना बोलावलं. कोर्ट झालं. चौदा महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले चार महिने आत होता, बाकीची स्थगित. नंतर नोकरी बदलून तुमच्या देशात गेला. तिथे कुणाला काही माहीत नाही म्हणे, कोरी पाटी.”

“तो चिडतो तरी कधी?” मी विचारलं. काय विचारतेय हे मलाच कळत नव्हतं. दोन महिन्यांत मी त्याला आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

“बाहेर कधीच नाही. घराचं दार लागलं की. माझ्या शब्दावर जाऊ नका, मी निकालाची पानं पाठवते. आणि तुम्हाला मुलगी आहे ना? असं ऐकलं.”

“आहे.”

“हं,” ती म्हणाली.

रात्री झोपायच्या आत तीन पानांचे फोटो आले. घरच्या प्रिंटरवर काढले. डच येत असल्यामुळे जर्मन वाचताना अर्धवट ओळखी लागतात. निरंजनचं नाव कळलं, तारीख कळली, ‘चौदा महिने’ कळलं. बाकी कायद्याची लांबच लांब वाक्यं. पण तेवढं पुरे होतं.

आणि मला रडू आलं ते कुणासाठी, तर दादासाठी. केवढ्या विश्वासाने स्थळ आणलं होतं त्याने. त्या माणसाने दादालाही बनवलं होतं. उद्या सकाळी दादा साखरपुड्यासाठी येणार आणि मी त्याच्या हातात हे कागद देणार. त्याला किती लागेल, तो स्वतःला किती दोष देईल, ह्याच काळजीत मी झोपले.

दादा शनिवारी सकाळी दहाला आला. माझ्यासाठी मोतिया रंगाची साडी, सानिकासाठी पोहायचा गॉगल. वहिनीला सुट्टी नव्हती म्हणून ती येणार नव्हती. सानिका गॉगल घालूनच घरभर हिंडत होती आणि मामा तिच्यामागे मासा होऊन पळत होता. पन्नाशीला आलेला माणूस, गुडघा दुखतो म्हणून जिना चढत नाही, पण सानिकासाठी मासा व्हायचा. अकरा वाजता शेजारीण तिला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली.

मी पोहे केले होते. दादाने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, “मीठ कमी आहे. साखरपुड्याच्या धांदलीत मीठ विसरलीस का, वृंदे?”

मी त्याच्या बशीशेजारी ते तीन कागद ठेवले. वरच्या कोपऱ्यात स्टेपल केलेले.

“हे काय?”

“दादा, मला एवढं जर्मन येत नाही. जरा वाचून दाखव.”

“कुणी दिलं?”

“आधी वाच. मग सांगते.”

त्याने चष्मा लावला. पहिल्या ओळीवरून नजर फिरवली आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. धक्का बसेल, तो माझ्याकडे बघेल, ‘अरे देवा’ म्हणेल, असं मला वाटत होतं. मी त्याचा हात धरायच्या तयारीत होते. पण त्याने घसा साफ केला आणि वाचायला लागला. जर्मन बघायचं, मराठीत बोलायचं, सरळ, न अडखळता. हा त्याचा कोर्टातला आवाज असावा. घरी मी तो कधी ऐकला नव्हता.

“आरोपी, वय छत्तीस, भारतीय नागरिक, व्यवसायाने संगणक अभियंता. लग्नानंतर लगेचच आरोपीने फिर्यादीस वारंवार मारहाण केल्याचे सिद्ध झाले आहे. घटनेच्या दिवशी सायंकाळी जेवण थंड असल्याच्या कारणावरून वाद झाला. फिर्यादी घराबाहेर जाण्यासाठी दाराकडे गेली असता आरोपीने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार दोन वेळा जोराने ओढले. मनगटाची दोन हाडे मोडली. त्यानंतरही आरोपीने सुमारे एक तास वैद्यकीय मदत मागवू दिली नाही.”

तो थांबला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मी कागदाकडे बघत होते. दादाचा अंगठा पहिल्या पानाच्या शेवटच्या ओळीवर होता. ती ओळ कधीच संपली होती. पुढचं सगळं दुसऱ्या पानावर होतं.

“दादा,” मी म्हटलं, “पान उलटायचं राहिलं.”

त्याने खाली पाहिलं. मग हळूच पान उलटलं, जणू आता उलटल्याने काही फरक पडणार होता. त्याचे कान लाल झाले. लहानपणी आईने त्याची चोरी पकडली की व्हायचे तसे.

“तुला हे पाठ आहे,” मी म्हणाले.

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

“दादा, मी विचारतेय. तुला हे पाठ कसं?”

“ऋजुताला जर्मन येत नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. “इंग्रजीही जेमतेम. कोर्टाने मराठी दुभाषी मागवला. अख्ख्या ऑस्ट्रियात मराठीचा शिक्का माझ्याकडे एकट्याकडे. मी व्हिएन्नाहून तीन तारखांना गेलो.”

“म्हणजे तिची साक्ष तू...”

“मीच केलं भाषांतर. निकालही मीच वाचून दाखवला तिला.”

“तिने सांगितलं, की त्याने तिचा हात दारात धरला.”

“तसं नसतं ते,” दादा म्हणाला, आणि देवाशप्पथ सांगते, तो मला समजावून सांगण्याच्या सुरात बोलत होता. “दुभाष्याने ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नसतं. ‘मी’ म्हणायचं. ‘त्याने माझा हात दारात धरला.’ तशीच पद्धत आहे.”

“तू तसं म्हणालास? माझा हात?”

“म्हणावंच लागतं.”

मी उठून सिंकपाशी गेले. नळ सोडला, बंद केला. माझ्या भावाने एका बाईचं दुखणं स्वतःच्या तोंडाने, माझा हात, माझं मनगट असं म्हणत भर कोर्टात सांगितलं होतं. आणि तोच माणूस घेऊन तो माझ्या दारात आला होता. आधी माझा विश्वास बसेना आणि मग इतका राग आला की मला समोरचं दिसेना.

“तू मला सांगितलं नाहीस.”

“मला सांगता येत नाही, वृंदा. शपथ आहे. कोर्टात जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, बायकोलाही नाही. शिक्का जाईल माझा.”

“बरं. बोलायचं नाही अशी शपथ होती. स्थळ आणायचं अशी होती का?”

त्याने पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

“तोंड मिटून गप्प बसला असतास तरी शपथ पाळली गेली असती. ‘हे स्थळ नको’ एवढं म्हणाला असतास, कारण न देता, तरी मी ऐकलं असतं. तू म्हणालास, चौकशी केलीय, निर्धास्त राहा.”

“चौकशी केलीच होती,” तो एकदम तावातावाने म्हणाला. “सुटल्यावर तो मला शोधत आला. रडला. मंडळात यायला लागला. तो इकडे येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष मी त्याला बघत होतो. दारू सोडली, डॉक्टरकडे जायचा, गणपतीत दहा दिवस राबायचा. शिक्षा भोगलेल्या माणसाला जन्मभर दोषीच धरायचं का? आणि तुझाही विचार केला मी. वय काय तुझं? पदरात मुलगी. आई रोज फोनवर रडते. चांगली स्थळं काय रांग लावून उभी आहेत?”

ते ऐकून मी एकदम शांत झाले. मला वाटायचं, दादाच्या डोळ्यांत मी अजून ती फी भरायची राहिलेली हुशार बहीण आहे. तर हा माझा भाव होता. मोडका माणूस चालेल, कारण बहीणही कुठे धड आहे.

“मला कळू द्यायचं होतंस ना मग,” मी म्हटलं. “तो सुधारला असेल. असेलही. पण ते ठरवायचं कुणी? त्याच्यापाशी ती चार वर्षं झाकून ठेवायला एक नवा देश होता. ती उघडून दाखवायला माझ्यापाशी तू होतास.”

मी फोन उचलला आणि दादासमोरच निरंजनला लावला. तो दुपारी जेवायला येणार होता. “उद्याचा कार्यक्रम होणार नाही,” मी म्हणाले. “आजही येऊ नका. ऋजुताशी बोलणं झालंय माझं.” मग अगदी मऊ आवाजात त्याने विचारलं, “पण दादांनी तर तुम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं असेल ना?” मी फोन ठेवून दिला.

दादाने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. त्यानंतर आम्ही बोललो ते एकदम आई गेली तेव्हा, तेही कुणी कुठलं विमान घ्यायचं एवढंच. पण त्या दिवशी तो अजून हरला नव्हता.

“तुला काय वाटतं, मी डोळे झाकून तुला त्याच्या हवाली करत होतो?” तो म्हणाला. त्याने बॅग ओढली, आतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि त्यातला कागद माझ्यापुढे सरकवला. “हे वाच. वाच आणि मग बोल. मी त्याच्याकडून लिहून घेतलंय.”

मराठीत लिहिलेला कागद होता. निरंजनचं अक्षर मी ओळखत होते, सुबक आणि जरा उजवीकडे झुकलेलं.

‘मी लिहून देतो की, वृंदाशी विवाह झाल्यावर मी तिच्यावर किंवा तिची मुलगी सानिका हिच्यावर कोणत्याही परिस्थितीत हात उचलणार नाही. मागील प्रकाराची पुनरावृत्ती होणार नाही.’

खाली निरंजनची सही. तिच्याखाली, साक्षीदार म्हणून, दादाची. शेजारी तारीख होती, सोळा मार्च. निरंजनला मी पहिल्यांदा पाहिलं ते मेमध्ये.

मी कागद परत परत वाचत होते. दादाला वाटलं असावं, मला पटायला लागलंय. तो खुर्ची ओढून जवळ आला, त्याचा आवाज निवळला, अगदी नेहमीचा, घरचा झाला.

“सानिकाचं नाव मी घालायला लावलं,” तो म्हणाला. “तो नको म्हणत होता.”